भाव न करणारी पार्टी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना बोलण्याची पद्धत तशीच ठेवली आहे.)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, 'मौल्यवान वस्तूंची ऑनलाइन विक्री आणि घ्यावयाची काळजी'. मी म्हटलं, अहो, यावर बोलायला पोलीस खात्यातलं कोणीतरी बोलवा. ते म्हणाले, "काका, तुम्ही फसला आहात ना, मग तुम्हीच बोला. फसलेल्या माणसाचं लोक जरा लक्ष देऊन ऐकतात." त्यांचं म्हणणं मला पटलं, म्हणून उभा आहे.

तुमच्यापैकी जुने लोक मला कापडाचा दलाल म्हणून ओळखतात. 34 वर्षं मी दलाली केली. आपल्या भिवंडीच्या मागावर निघणारं कच्चं कापड, ज्याला आपण ग्रे म्हणतो, ते कारखानदाराकडून घेऊन पार्टीला विकून द्यायचं. कारखानदार पार्टीला कधी बघायचाही नाही. कोण बालोतऱ्याची पार्टी, कोण जेतपूरची, कोण मुंबईच्या मुळजी जेठा मार्केटमधली. तागे आज टेम्पोत चढायचे आणि पैसे यायचे 60 दिवसांनी, कधी 90. लाखाचा माल अनोळखी माणसाला उधार. मग कारखानदार विश्वास कोणावर ठेवायचा? माझ्यावर. कारण पार्टीनं हात वर केले, तरी दलाल कुठे जाणार? तो संध्याकाळी धामणकर नाक्यावर चहा पिताना सापडणारच.

आपल्याकडे पूर्वी पेढ्यांवर हुंड्या चालायच्या, तेव्हाही हीच रीत होती. शहाजोग नावाची एक हुंडी असे. ती घेऊन कोणीही आला तर पैसे मिळत नसत. बाजारात पत असलेल्या शहाच्या मार्फतच ती वटायची. म्हणजे मूळ माणूस परका असला तरी मधला माणूस ओळखीचा आणि जबाबदार. गंमत बघा, आज आपण शहाजोगपणा म्हणतो तो साळसूदपणाचा आव आणण्याला. शब्द तोच राहिला, अर्थ उलटा झाला. माझ्या बाबतीत तर दोन्ही अर्थ एकाच फोनवर भेटले.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मुलगा नोकरीसाठी बंगलोरला गेला. त्याचा मोठा कॅमेरा, लेन्ससकट, घरी पडून होता. तो म्हणाला, बाबा विकून टाका, 26,000 तरी यावेत. जुन्या वस्तू विकायच्या एका अॅपवर मी फोटो टाकला. वीस मिनिटांत फोन आला. "अंकलजी, मैं फौज में हूँ. कॅमेरा बहुत पसंद आया. पैसे अभी भेजता हूँ, सामान हमारा आदमी आके ले जाएगा." त्यानं ओळखपत्राचा फोटो पाठवला. वर्दीतला फोटो, शिक्का, सगळं जागच्या जागी. मी दोनदा विचारलं, कॅमेरा बघायला येणार नाही का? तो म्हणाला, ड्यूटी आहे, तुमच्यावर भरवसा आहे.

मग म्हणाला, पहिल्यांदा पैसे पाठवतोय, आधी टेस्ट करू. त्यानं एक क्यूआर कोड पाठवला, पाच रुपयांचा. तो स्कॅन करून मी पिन टाकला. माझे पाच रुपये गेले आणि लगेच त्याच्याकडून दहा आले. खरं सांगतो, माझा विश्वास बसला तो त्या दहा रुपयांवर. पुढचा कोड 26,000 चा होता. तोही स्कॅन करून मी पिन टाकला. खात्यातून 26,000 गेले. मी घाबरून फोन केला. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरल्यासारखा. "अरे अंकलजी, उलटा हो गया! रुको, रिफंड का कोड भेजता हूँ." आणि मी, 34 वर्षं दलाली केलेला माणूस, तो रिफंडचा कोडही स्कॅन केला. 52,000 गेले. कॅमेरा अजून घरातच आहे.

आता लक्षात घ्या, मला अंधारात ठेवून काही झालं नव्हतं. पैसे द्यायचे असतील तरच क्यूआर स्कॅन करायचा आणि पिन टाकायचा. पैसे यायचे असतील तर आपल्याला काहीच करायचं नसतं, नुसतं बसून राहायचं. पाच रुपये गेले तेव्हाच हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. मी बघितलं ते फक्त दहा रुपये.

आणि याहून मोठी खूण त्याआधीच दिसली होती. आमच्या धंद्यातला जुना धडा आहे, जी पार्टी भाव करत नाही तिच्यापासून सांभाळून राहा. ज्याला पैसे द्यायचे असतात तो मीटरमागे पाच पैशांसाठी तासभर वाद घालतो. ज्याला द्यायचेच नसतात त्याला तुमचा भाव केव्हाही मान्य. मी स्वतः कारखानदारांना हे कितीदा सांगितलं असेल. त्या फौजीनं 26,000 ला एका शब्दानं नाही म्हटलं नाही, आणि मी मनात म्हणत होतो, वा, किती सज्जन माणूस!

यापुढचं सांगायला मला जास्त जड जातं, पण आज सांगायचं ठरवलं आहे.

मी अकरा दिवस कोणाला काही बोललो नाही. बायकोला नाही, मुलाला नाही. लोक काय म्हणतील? दुसऱ्यांच्या पार्ट्या पारखून देणारा स्वतः फोनवर लुटला गेला! बाराव्या दिवशी आपल्याच इमारतीतल्या एक ताई आमच्याकडे रडत आल्या. त्यांनी कपाट आणि फ्रिज विकायला टाकलं होतं. त्यांचे 14,000 गेले होते. त्यांनी मोबाइल दाखवला. तेच ओळखपत्र, तोच वर्दीतला फोटो, नंबर फक्त वेगळा. त्यांच्या परवानगीनं हे सांगतो आहे, नाव सांगणार नाही. त्यांचे पैसे त्या भामट्यानं नेले, पण मी पहिल्याच दिवशी जिन्यात चार लोकांना सांगितलं असतं, तर ते वाचले असते. माझ्या 52,000 चं दुःख आता कमी झालं आहे. त्या 14,000 चं नाही.

दोघं मिळून 1930 नंबरवर तक्रार केली. सायबर फसवणुकीसाठीचा हा देशभरचा नंबर. तक्रार नोंदली की पैसे ज्या ज्या खात्यांतून गेले त्या बँकांना कळवलं जातं आणि पैसे अजून तिथे असतील तर ते रोखून धरले जातात. पण हे भामटे पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात आणि एटीएममधून काढून घेतात. ताईंचे थोडे पैसे अडले आणि पुढे रीतसर अर्ज करून मिळाले, कारण त्या दुसऱ्याच दिवशी बोलल्या. माझं खातं बाराव्या दिवशी कोण अडवणार? बँकेत गेलो तर साहेबांनी समजावून सांगितलं, पिन तुम्ही स्वतः टाकला आहे. अशा व्यवहारात चूक ग्राहकाची असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच, असं रिझर्व्ह बँकेच्या 2017 च्या परिपत्रकातच होतं. तेव्हा पहिला धडा लिहून घ्या. फसलो असं वाटलं की त्याच मिनिटाला 1930, नंतर बँक, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार. लाज नंतर वाटून घ्यावी, तिला घाई नसते.

आता दुसरी बाजू. फसल्यावर मी शहाणा झालो असं तुम्हाला वाटेल. मी नुसता संशयी झालो.

दीड वर्षापूर्वी आमच्या सौभाग्यवतींचं शिलाई मशीन विकायला काढलं. या सोसायटीतल्या निम्म्या ब्लाउजांना त्या मशीनचा हात लागला आहे, हे इथल्या भगिनींना माहीत आहे. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आता सुईत दोरा ओवत नाही, म्हणून काढलं. मोटर बसवलेलं, चांगल्या स्थितीतलं मशीन. किंमत लावली 9,000. पद्मानगरातला एक मुलगा बघायला आला. पूर्णा गावाकडच्या गोदामात कामाला, बहिणीसाठी मशीन हवं होतं. मी त्याला गेटवरच उभं केलं. वॉचमनसमोर आधार कार्ड मागितलं. त्याचा फोटो काढला. वरच्या आवाजात सांगितलं, आधी पैसे, मग मशीनला हात.

तो शांतपणे म्हणाला, "काका, चालेल. पण मशीनचं बिल आहे का?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझ्यावर संशय घेतोस? पंचवीस वर्षं राहतो मी इथे!"

तो म्हणाला, "मला कसं माहीत, काका? मी तर तुम्हाला आज बघतोय. उद्या कोणी म्हणालं मशीन चोरीची आहे, तर बहीण काय दाखवणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. इतके दिवस मी एकच विचार करत होतो, समोरच्यावर विश्वास ठेवायचा की नाही. समोरचाही माझ्याबद्दल तोच विचार करत असेल, हे डोक्यातच आलं नव्हतं. माझ्या दारात मी पंचवीस वर्षांचा जुना असेन, त्याच्यासाठी मी एक फोटो आणि एक मोबाइल नंबर होतो.

तेवढ्यात सौ. खाली आल्या. त्यांनी त्याला ऑफिसच्या बाकावर बसवलं, मशीन खाली आणवलं, म्हणाल्या, "चालवून बघ आधी." बिल त्यांच्याकडे सुयांच्या डबीबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. त्यानं शिवून बघितलं, पट्टा सैल आहे म्हणाला, आणि 8,000 सांगितले. मला बरं वाटलं. भाव करतोय म्हणजे द्यायचे आहेत! 8,300 ला जमलं. त्यानं मोबाइलवरून पैसे पाठवले, त्याच्या मोबाइलवर हिरवी खूण आली. मी म्हटलं, थांब, माझ्या बँकेच्या अॅपमध्ये शिल्लक बघतो. तो म्हणाला, बघा की. दोन मिनिटं लागली, तो बसून राहिला. साध्या कागदावर दोन पावत्या लिहिल्या, दोघांच्या सह्या, मशीनचा नंबर, तारीख. महिन्याभरानं त्याचा फोन आला, मी दचकलो. तेल कुठे कुठे घालायचं हे बहिणीला विचारायचं होतं.

आता कोणी म्हणेल, चोरही उद्या भाव करायला शिकतील. शिकतीलच. आवाज गोड आहे, ओळखपत्र आहे, मराठी बोलतो, देवाचा फोटो लावला आहे, यातल्या कशावरूनही माणूस कळत नाही. मी 34 वर्षं माणसं बघितली आणि मला कळला नाही. म्हणून माणूस ओळखायच्या भरीला पडू नका. व्यवहार असा बांधा, की समोरचा खोटा निघाला तरी आपलं काही जाऊ नये, आणि खरा निघाला तर त्याचा अपमान होऊ नये. दलाल मध्ये होता तेव्हा हे काम तो करायचा. मोबाइलनं दलाल काढून टाकला, तेव्हा त्याचं काम आता आपल्यालाच करायचं आहे.

ते कसं करायचं, थोडक्यात सांगतो.

पैसे आले की नाही, हे फक्त आपल्या बँक खात्यात बघायचं. त्याच्या मोबाइलवरची हिरवी खूण, त्यानं पाठवलेला स्क्रीनशॉट, बँकेसारखा दिसणारा एसएमएस, हे सगळं खोटं बनवता येतं. चेक भरल्याची स्लिप म्हणजे पैसे नव्हेत. चेक वटेपर्यंत वस्तू द्यायची नाही. "चुकून जास्त पाठवले, वरचे परत करा" असं कोणी म्हणालं, तर आधी खातं उघडून बघा. खरंच आले असतील तर बँकेला कळवा, त्यांच्यामार्फत परत करा. मोबाइलवर पैसे मागणारी जी रिक्वेस्ट यायची, ती माणसामाणसांतल्या व्यवहारात 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली आहे. पण क्यूआर कोड बंद झालेला नाही, तेव्हा पिनचं पथ्य तेच. घेताना पिन नाही.

पैसे घेणाऱ्याच्याच खात्यातून यावेत. "माझा मित्र पाठवेल" म्हणाला तर नको म्हणा. ते पैसे दुसऱ्या कोणाला फसवून आलेले असले, तर पुढे आपलंच खातं गोठतं आणि खुलासे करत फिरावं लागतं. रोख घेत असाल तर 2 लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही, आयकर कायद्यात तशी मनाई आहे.

सोन्याबद्दल बऱ्याच भगिनींनी विचारलं. माझं मत स्पष्ट आहे, सोनं अनोळखी माणसाला अॅपवर विकू नका. घरात सोनं आहे हे जगाला फोटोसकट कशाला सांगायचं? हॉलमार्क असेल तर दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, तो बीआयएस केअर अॅपवर तपासता येतो. तो तपासून, दोन-तीन सराफांकडे वजन आणि भाव विचारून, पावती घेऊन विकावं. घट कापतील, मान्य. पण त्या पैशांत तुम्ही निर्धास्त झोप विकत घेता.

स्कूटर, गाडी विकली की फक्त चावी देऊन मोकळे होऊ नका. फॉर्म 29 आणि 30 भरून आरटीओत नाव बदलून घ्या. सर्वोच्च न्यायालयानं 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सांगितलं आहे, की नोंदणीत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक. गाडी चार हात फिरली आणि अपघात झाला, तर भरपाईसाठी नोटीस तुमच्या दारात येईल.

मोबाइल विकताना बिल द्या, आतलं सगळं पुसून आपलं अकाउंट काढून टाका. घेणाऱ्यालाही सांगा, सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय नंबर टाकून मोबाइल चोरीचा म्हणून बंद केलेला नाही ना, हे बघून घे. आपण स्वतःहून हे सांगितलं की त्याचीही भीती जाते. त्या पद्मानगरच्या मुलानं मला हेच शिकवलं.

शेवटी एक विनंती, आणि कार्यकारिणीशी मी आधी बोललो आहे. आपल्या गावानं 1970 ची दंगल बघितली, 1984 ची बघितली. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या. वेगवेगळ्या धर्मांची, एकमेकांना न ओळखणारी माणसं आणि पोलीस एका सतरंजीवर नेमानं बसू लागले. 1992-93 ला मुंबई पेटली, भिवंडी शांत राहिली. त्या बैठकांत नुसतं विश्वास ठेवा, विश्वास ठेवा असं सांगून भागलं नसतं. बसायला जागा ठरवली, वेळ ठरवली, माणसं समोरासमोर आली. विश्वास मागून आला. आपलं काम त्याच्यापुढे फार छोटं आहे, पण रीत तीच घेऊ.

रविवारी सकाळी दहा ते बारा आपलं सोसायटीचं ऑफिस उघडं असतं. कॅमेरा आहे, वॉचमन आहे, कार्यकारिणीतलं कोणीतरी असतंच. ज्याला काही विकायचं असेल त्यानं घेणाऱ्याला तिथेच बोलवावं. घरात नाही, गेटवर उन्हात उभं करूनही नाही. येणाऱ्याला खुर्ची द्या, पाणी द्या, वस्तू नीट बघू द्या, बिल दाखवा, आणि पैसे आपल्या खात्यात दिसेपर्यंत दोघांनी शांत बसा. कोऱ्या पावत्यांचं पुस्तक मी माझ्या खर्चानं आणून ठेवलं आहे. जो येणारच नाही म्हणतो, त्याला नमस्कार. खऱ्या माणसाला यायला अडचण असेल, तर तो दुसरा रविवार मागेल.

आणि ज्याच्याकडे संशयास्पद फोन येईल, त्यानं त्याच दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं. फसला असेल तर नक्कीच टाकावं. कोणी हसणार नाही. हसलाच कोणी, तर त्याला माझ्याकडे पाठवा. पहिल्या मजल्यावर राहतो. कॅमेरा अजून कपाटात आहे, तो दाखवून सगळी गोष्ट पुन्हा सांगेन.